जॉब चार्नॉकने कोलकाता वसवलं, असं म्हणायचं का?

हुगळीकाठ

इकडे कोलकात्यात ऑगस्ट उजाडला की एक जुना वाद नव्याने सुरू होतो. २४ ऑगस्ट १६९० ला ईस्ट इंडिया कंपनीचा एजंट जॉब चार्नॉक सुतानुटीच्या घाटाला लागला आणि तोच शहराचा जन्मदिवस, असं कित्येक पिढ्यांना शिकवलं गेलं. १९९० मध्ये शहराची त्रिशताब्दीही याच हिशेबाने साजरी झाली. पुढे २००३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितलं की चार्नॉकला संस्थापक म्हणता येणार नाही आणि २४ ऑगस्ट हा वाढदिवसही नाही.

मला हा माणूस सोडवत नाही, म्हणून धागा काढला. १६५५-५६ च्या सुमारास तो हिंदुस्थानात आला आणि परत कधी विलायतेला गेलाच नाही. कासिमबाजार, मग पाटण्याला सोऱ्याचा (बंदुकीच्या दारूला लागणाऱ्या क्षाराचा) व्यापार, पुन्हा कासिमबाजार, मग नदीकाठचं हुगळी शहर. १६८६ मध्ये हुगळीच्या बाजारात इंग्रज शिपायांची मारामारी झाली, तिचं मोगलांशी युद्ध झालं आणि चार्नॉक माणसं, माल घेऊन नदीने खाली निघाला. डिसेंबरात पहिल्यांदा सुतानुटीला थांबला. तिथून हिजली बेटावर. तिथे तापाने शिपाई पटापट मेले. तह झाल्यावर काही महिने उलुबेरिया, मग १६८७ च्या अखेरीस पुन्हा सुतानुटी. पुढच्या वर्षी कॅप्टन हीथ आला आणि वरिष्ठांचा हुकूम दाखवून सगळ्यांना गलबतांवर चढवून बालासोर, चितगाव करत मद्रासला घेऊन गेला. बंगालचा नवा सुभेदार इब्राहिमखान याने बोलावल्यावर चार्नॉक १६९० मध्ये तिसऱ्यांदा तिथेच आला. मागे ठेवलेल्या झोपड्यांतलं काही उरलं नव्हतं आणि पाऊस रात्रंदिवस कोसळत होता, अशी नोंद आहे.

पण त्याने पुढे केलं काय? किल्ला बांधला नाही, जमीन विकत घेतली नाही, रस्ते आखले नाहीत. अडीच वर्षांत वारला. ज्या तीन गावांचं शहर झालं त्या सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर यांचे हक्क कंपनीला १० नोव्हेंबर १६९८ ला मिळाले, तेव्हा त्याला जाऊन जवळजवळ सहा वर्षं झाली होती.

माझं मत असं की तो संस्थापक नाही. पण त्याला अजिबात वगळणंही मला पटत नाही. तीनदा त्याच चिखलात परत येणाऱ्या माणसाचा त्या शहरात वाटा किती धरायचा? तुम्हाला काय वाटतं?

बोरीबंदर

वाटा पूर्ण धरायचा, असं माझं स्पष्ट मत. गावं सगळीकडेच होती. हुगळीच्या दोन्ही काठांना शेकडो गावं असतील, त्यांतल्या तीनच गावांचं साम्राज्याच्या राजधानीत रूपांतर झालं. का? कारण एक माणूस तिथे हटून बसला. मुंबईतही कोळी, भंडारी, आगरी आधीपासून होते, पोर्तुगीज होते. तरी व्यापारी शहर म्हणून मुंबई उभी करण्याचं श्रेय आपण जेराल्ड ऑन्जियरला देतोच. मग चार्नॉकला का नको?

मुठेकर

ऑन्जियरला श्रेय देणारे नक्की कोण? माझ्या गिरगावकर मावशीला विचारा, ती मुंबादेवीच्या खालचं कुणाचं नाव घेत नाही. :)

खलाशीदादा

मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आणि हुगळीतून वर कोलकात्यापर्यंत गेलोय. त्यामुळे काठावरून बोलण्यापेक्षा पाण्यावरून बोलतो.

या नदीत परका कप्तान आपल्या अकलेने जहाज नेऊ शकत नाही. समुद्रात सँडहेड्सला नदीचा पायलट जहाजावर चढतो आणि तिथून कोलकात्यापर्यंत दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर त्याच्या शब्दावर जायचं. वाळूचे दांडे जागा बदलत असतात. आज जिथून गेलात तिथे पुढच्या हंगामात पाणी असेलच असं नाही. भरतीच्या वेळी पाण्याची भिंत नदीत उलटी चढते, तिला बंगाली नावाडी ‘बान’ म्हणतात. रूपनारायण नदी मिळते तिथला वाळूचा दांडा ‘जेम्स अँड मेरी’ नावाने कुप्रसिद्ध आहे. १६९४ मध्ये त्याच नावाचं जहाज तिथे बुडालं, म्हणजे चार्नॉक गेल्यानंतर दोन वर्षांच्या आत.

आता सुतानुटीची जागा बघा. पूर्व काठ. तिथे काठाला लागून पाणी खोल होतं, मोठं गलबत काठाजवळ नांगरता यायचं. समोरच्या काठाला तसं नव्हतं. पश्चिमेला नदी, पूर्वेला मैलोन्‌मैल दलदल आणि खाऱ्या पाण्याची तळी. म्हणजे घोडदळाला यायचं तर वाट अरुंद. मोगलांशी नुकतीच लढाई झालेल्या माणसाला ही जागा आवडणारच. ज्याच्याकडे गलबतं आहेत आणि जमिनीवर फौज नाही, त्याच्यासाठी अख्ख्या नदीत याच्याइतकी सोयीची जागा मला तरी दिसत नाही. ही नजर चार्नॉकची होती आणि तेवढं त्याला दिलंच पाहिजे.

तांबडी_माती

@खलाशीदादा, फार छान. पण मग एक सांगा, जागा इतकी सोयीची होती तर ती त्याच्याआधी कुणाला दिसलीच नाही का?

खलाशीदादा

दिसली होती ना. म्हणूनच तर तिथे बाजार होता. पोर्तुगीजांची मोठी जहाजं त्याआधी शंभरेक वर्षं समोरच्या काठाला, जरा खाली बेतोड इथे थांबायची आणि तिथून माल छोट्या नावांनी वर सातगावला जायचा. सातगाव म्हणजे सप्तग्राम, तेव्हाचं बंगालचं मोठं बंदर. ते सरस्वती नदीवर होतं. सरस्वती गाळाने भरत गेली आणि बंदर मेलं. नदी हलली की व्यापारी हलतात.

सुती_धागा

इथूनच माझा मुद्दा सुरू होतो. माझं घराणं विणकरांचं, इचलकरंजीचं, त्यामुळे कापडाची गोष्ट आली की मी गप्प बसू शकत नाही.

सप्तग्राम बसत चाललं तेव्हा तिथले कापडाचे व्यापारी, सेठ आणि बसाक, खाली सरकले आणि गोविंदपुरात येऊन राहिले. जंगल तोडलं, घरं बांधली, कुलदैवताचं देऊळ उभं केलं. हे सगळं इंग्रज यायच्या कितीतरी आधी. सुतानुटीचा बाजार सुताचा आणि कापडाचा, तो याच लोकांच्या जिवावर उभा होता. चार्नॉक तिथे उतरला कारण त्याला विलायतेला पाठवायला कापड हवं होतं आणि ते कापड गोळा करून देणारी माणसं तिथेच होती. मग आधीचा वसाहतकरी कोण? मला तर सेठ-बसाक वाटतात. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात कधी वाचलंय का कुणी?

आणि याच लोकांचं पुढे काय झालं तेही सांगते. प्लासीनंतर कंपनीने नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला तो गोविंदपुरात. गाव उठवलं. लोकांना उत्तरेकडे जागा देऊन हलवलं. आज कोलकात्याचं मैदान म्हणून जे मोकळं हिरवं मैदान आपण बघतो त्याच्या एका भागात हे गाव होतं. तीन मूळ गावांपैकी एक असं संपलं.

रेवाकाठ

+१ सुती_धागा. मैदानावर क्रिकेट बघताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

न्यायवेडा

२००३ च्या निकालाबद्दल लिहितो, कारण त्यावर ‘कोर्टाने इतिहास ठरवला’ अशी टीका नेहमी होते.

याचिका केली होती सावर्ण रायचौधुरी घराण्याच्या परिषदेने, २००१ मध्ये. याच घराण्याकडे त्या तीन गावांची जमीनदारी होती. त्यांचा पूर्वज लक्ष्मीकांत याला मानसिंहाच्या काळात, १६०८ मध्ये, जहागिरी मिळाली. बडिशा इथल्या त्यांच्या वाड्यातली दुर्गापूजा १६१० पासूनची सांगतात. न्यायालयाने स्वतः इतिहास लिहिला नाही. इतिहासकार निमाईसाधन बोस यांच्या अध्यक्षतेखाली पाच तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल स्वीकारला. समितीचं म्हणणं थोडक्यात असं, की कोलकाता एका दिवशी, एका माणसाने वसवलेलं नाही. ऐन-ए-अकबरीतही कलिकाताचा उल्लेख आहे, म्हणजे चार्नॉकच्या जवळपास शंभर वर्षं आधी हे नाव सरकारी दफ्तरात होतं.

१६९८ चा व्यवहारही नीट समजून घ्यायला हवा. तेराशे रुपयांना कोलकाता विकत घेतलं असं सर्रास लिहितात. प्रत्यक्षात कंपनीला मिळाला तो सारा वसूल करण्याचा हक्क. मोगलांना दरवर्षी ठरलेला सारा भरणं चालूच राहिलं. जमीनदार द्यायला राजी नव्हते. कंपनीने औरंगजेबाचा नातू अजीम-उश-शान याला सोळा हजार रुपये दिले आणि त्याची परवानगी आणली, मग त्यांना सही करावी लागली. घराण्याला मिळाले तेराशे, शहजाद्याला सोळा हजार. सौदा कुणाशी झाला ते या दोन आकड्यांवरून कळतं. आणि हे सगळं केलं चार्ल्स आयरने, चार्नॉकच्या जावयाने. संस्थापक शोधायचाच असेल तर कागद आयरकडे बोट दाखवतात.

बोरीबंदर

@न्यायवेडा, कागद आयरकडे बोट दाखवतात हे मान्य. पण सासऱ्याने जागा धरून ठेवली नसती तर जावई कागद कुठे करणार होता?

आणि मुंबईचा विषय मी काढला त्याला कारण होतं. चार्नॉकला ज्या युद्धामुळे हुगळी सोडावी लागली, तेच युद्ध मुंबईवरही आलं. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत मोगलांच्या वतीने शिवडीला उतरला, माझगाव घेतलं आणि किल्ल्यात कोंडलेल्या इंग्रजांना वर्षभर वेढून बसला. शेवटी कंपनीने औरंगजेबापुढे नाक घासलं, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा १६९० च्या जूनमध्ये सिद्दी गेला. त्याच तहामुळे बंगालचा रस्ता मोकळा झाला आणि ऑगस्टात चार्नॉक सुतानुटीला पोचला. पुढच्या वर्षी फर्मान आलं, वर्षाला तीन हजार रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकात माफ. म्हणजे मुंबई आणि कोलकाता या दोन शहरांचं नशीब एकाच उन्हाळ्यात ठरत होतं. आणि बादशहा त्या वेळी होता दख्खनमध्ये, मराठ्यांशी झुंजत. त्याला पैसा हवा होता आणि समुद्रावरची वाहतूक मोकळी हवी होती.

वऱ्हाडी_ठेचा

दख्खन आलं, मराठे आले, मग नागपूर यायलाच पाहिजे!

कोलकात्याच्या वाढीत आपला हात आहे, आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे का याचा मी खूप विचार केलाय. १७४२ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरले. अलिवर्दीखान नवाब होता. त्या वर्षी भास्करपंतांनी काटव्याजवळ दाईंहाटला दुर्गापूजा मांडली आणि नवमीला अलिवर्दीने छावणीवर छापा घातला. १७४४ मध्ये मनकऱ्याला तहाच्या बोलणीसाठी तंबूत बोलावून भास्करपंतांना आणि त्यांच्या सरदारांना दग्याने मारलं. स्वाऱ्या १७५१ पर्यंत चालल्या. शेवटी ओडिशा आपल्याकडे आला आणि बंगालची चौथाई बारा लाख ठरली.

या धाकाने कोलकात्याच्या लोकांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत तीनेक मैल झाला आणि थांबला, कारण मराठे तिथपर्यंत गेलेच नाहीत. मराठा डिच म्हणतात तो हाच. पुढे तो बुजवून वर सर्क्युलर रोड केला. आजच्या आचार्य जगदीशचंद्र बोस रोड आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवरून जाताना तुम्ही आपल्या भीतीने खणलेल्या खंदकावरून जात असता. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे.

शांता_दुर्गा

@वऱ्हाडी_ठेचा, तुम्ही तलवारींचं लिहिलंत, मी माणसांचं लिहिते. माझी सून बंगाली आहे, बर्दवान जिल्ह्यातली. तिच्या आजीने मला पहिल्या भेटीत हसत विचारलं होतं, की तुम्ही बर्गींच्या देशातल्या ना? बर्गी म्हणजे स्वाऱ्या करणारे आपले मराठे घोडेस्वार. तिथे अजून बाळाला झोपवताना बर्गींची भीती घालतात. त्या काळातल्या बंगाली काव्यात गावं जाळल्याची, माणसं छळल्याची, बायकांची अब्रू लुटल्याची वर्णनं आहेत. ती वाचून मला रात्री झोप आली नाही. आपण शिवाजी महाराजांचं नाव घेतो, शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणणाऱ्या राजाचं. मग हे आपलं म्हणून मिरवायचं कसं?

वऱ्हाडी_ठेचा

ताई, मिरवत नाहीये. रघुजी भोसले आमच्या नागपूरचे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि बर्दवानमध्ये जे झालं त्याबद्दल खंतही आहे, दोन्ही एकाच वेळी. मूळ प्रश्नाच्या संदर्भात सांगायचं ते हे की पश्चिम काठावरची हजारो कुटुंबं जीव वाचवायला नदी ओलांडून पूर्वेला आली. विणकर, सोनार, व्यापारी, ब्राह्मण, सगळे. त्यांतले कितीतरी कोलकात्यात स्थिरावले. चार्नॉकला लोक आपणहून येऊन वसतील अशी आशा होती. ते लोक मोठ्या संख्येने आले ते पन्नास वर्षांनी, आणि आपल्या घोडेस्वारांमुळे.

हुगळीकाठ

@शांता_दुर्गा ताई, तुमच्या विहीणबाईंच्या आईचा प्रश्न मलाही इथे कितीदा विचारला गेलाय, आणि प्रत्येक वेळी प्रेमाने. इथले लोक ते विसरलेले नाहीत, पण आपल्यावर रागही धरत नाहीत. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातल्या गणपतीला बंगाली शेजारी हौसेने येतात.

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा खूप खोल गेली. अजून येऊ द्या.

अश्मवेडी

मी भूशास्त्राची, म्हणून चार्नॉक मला आधी भेटला तो दगड म्हणून. चार्नोकाइट! हायपरस्थीन खनिज असलेला, ग्रॅनाइटसारखा दिसणारा काळपट निळसर खडक. दक्षिण भारतात भरपूर सापडतो. चार्नॉकच्या थडग्यावरची शिळा त्याच खडकाची आहे, मद्रासजवळच्या पल्लवरमहून आणलेली. थॉमस हॉलंड या भूशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये खडकाला त्याचं नाव दिलं. कोलकात्यात त्याच्या नावाने काय आहे ते तुम्ही वाद घालून ठरवा. अंटार्क्टिकापासून नॉर्वेपर्यंत जगभरचे भूशास्त्रज्ञ मात्र रोज त्याचं नाव घेतात.

मुठेकर

वा! संस्थापकपद गेलं पण खडकपद पक्कं. ते कुठलं न्यायालय काढून घेणार?

निळी_शाई

थडग्याचा विषय निघालाच आहे म्हणून. सेंट जॉन्स चर्चच्या आवारात आठ बाजूंची घुमटी आहे, ती आयरने बांधून घेतली. बांधणी मुसलमानी घुमटासारखी, आत लॅटिन लेख. मृत्यूची तारीख १० जानेवारी १६९२ कोरली आहे. तेव्हा इंग्रजांचं वर्ष मार्चमध्ये बदलायचं, म्हणून आजच्या पद्धतीने ते १६९३.

मला तिथे त्याच्यापेक्षा जास्त आठवते ती त्याची बायको. ती हिंदू होती. चार्नॉकने तिला चितेवरून उचलून आणलं, ही गोष्ट अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या कप्तानाने त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी लिहिली. तोच लिहितो की ती गेल्यावर चार्नॉक दरवर्षी तिच्या समाधीवर कोंबडा कापायचा. हॅमिल्टनला चार्नॉक अजिबात आवडत नव्हता, तो त्याला राजापेक्षाही निरंकुश आणि निर्दयी म्हणतो. त्यामुळे गोष्टी जरा चाळून घ्याव्या लागतात. कोंबड्याची गोष्ट मात्र मला खरी वाटते. बिहारात पाच पिरांना कोंबडा वाहण्याची रीत आहे आणि चार्नॉकची उमेदीची वर्षं पाटण्यात गेली. एवढं तपशीलवार काही उगाच कुणी रचणार नाही.

कागदोपत्री पक्कं आहे ते मुलींचं. मेरी, एलिझाबेथ, कॅथरीन. १६८९ मध्ये मद्रासला तिघींचा बाप्तिस्मा झाला. मेरी आयरला दिली. मेरी आणि कॅथरीन यांची नावं त्याच घुमटीत दगडावर आहेत. आईचं नाव कुठेच नाही. चार्नॉकच्या घरची गृहिणी इथलीच बाई होती, आणि तिला काय म्हणून हाक मारायचे हेसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही. वसवणाऱ्यांची यादी करायची असेल तर मी पहिलं नाव तिचं घालीन.

सुती_धागा

निळी_शाई, अगदी मनातलं लिहिलंत.

तांबडी_माती

तो इतका निर्दयी होता तर लोक त्याच्याबरोबर टिकले कसे? हिजलीचं काहीतरी वाचल्यासारखं आठवतंय.

खलाशीदादा

हिजलीची गोष्ट भारी आहे. मोगल सेनापती अब्दुस समदने बेट वेढलेलं, इंग्रज तापाने अर्धमेले. तेवढ्यात सत्तर एक ताज्या शिपायांची कुमक जहाजाने आली. चार्नॉकने त्यांना ढोल वाजवत किल्ल्यात आणलं, मग एकेक करून गुपचूप मागे किनाऱ्यावर पाठवलं आणि पुन्हा ढोल वाजवत आत आणलं. असं चालूच ठेवलं. समोरच्याला वाटलं जहाजांमधून माणसं संपतच नाहीत, आणि त्याने तहाचं निशाण दाखवलं. माणूस कडक असेल, पण बरोबरच्यांना जिवंत बाहेर काढलं.

मुठेकर

आमच्या पुण्याचं बघा. मुठेच्या काठी राष्ट्रकूटांच्या काळापासून वस्ती, ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या प्रदेशाचं नाव आहे. पुढे आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने गाव उद्ध्वस्त करून गाढवाचा नांगर फिरवला आणि जिजाऊंनी शिवबांच्या हातून सोन्याचा नांगर धरवून ते पुन्हा वसवलं, असं आपण सांगतो. पुणं वसवणारे कोण म्हटलं तर माझ्या तोंडात जिजाऊंचंच नाव येतं. गाव आधी होतं म्हणून त्यांचं श्रेय कमी होत नाही.

न्यायवेडा

@मुठेकर, फरक आहे. जिजाऊंनी उजाड झालेल्या रयतेला परत आणलं, सारा माफ करून, कौल देऊन. चार्नॉक आला तेव्हा तिथली गावं उजाड नव्हती. उजाड झाल्या होत्या त्या त्याच्याच झोपड्या. तो एका चालत्या बाजारात नवा दुकानदार म्हणून आला. दुकान पुढे एवढं वाढलं की बाजाराचा मालक झालं, पण ती १६९० नंतरची गोष्ट. १६९६ मध्ये बंगालातल्या शोभासिंग या जमीनदाराचं बंड झालं नसतं तर किल्ला बांधायची परवानगीसुद्धा मिळाली नसती.

रेवाकाठ

आर्मेनियन लोकांना सगळे विसरले का? त्यांच्या चर्चच्या आवारात एका बाईचं थडगं आहे, रेझाबीबी, त्यावर १६३० साल वाचतात. चार्नॉक त्या सुमारास जन्मला असेल.

निळी_शाई

त्या सालाच्या वाचनावर अभ्यासकांत वाद आहे. पण आर्मेनियन व्यापारी हुगळीच्या काठाला इंग्रजांच्या आधी होते यात शंका नाही. १६९८ च्या परवानगीच्या बोलणीतही ख्वाजा सरहद या आर्मेनियन व्यापाऱ्याने कंपनीच्या बाजूने शहजाद्याकडे शब्द टाकला होता. यादी वाढतच चालली आहे बघा.

बोरीबंदर

यादी वाढू दे. सेठ-बसाक, सावर्ण, आर्मेनियन, नदी, बर्गी, सगळ्यांना त्यांचा वाटा द्या. तरीही माझा मुद्दा उरतो. हे सगळे असताना कंपनीच्या वरिष्ठांना बंगालचं ठाणं चितगावला हवं होतं. हीथ त्याच कामासाठी आला होता. चार्नॉकचा हट्ट नसता तर पूर्वेचं मोठं बंदर कदाचित चितगाव झालं असतं. एका माणसाच्या निवडीने एवढा फरक पडत असेल तर त्याला नुसतं ‘आलेला व्यापारी’ म्हणणं मला कमी वाटतं.

हुगळीकाठ

@बोरीबंदर, हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटला. म्हणून माझं मत आता असं मांडते. कोलकाता चार्नॉकने वसवलं नाही, पण कंपनीचं ठाणं कोलकात्यात त्याने आणलं, आणि ते एकट्याच्या हट्टाने. शहर आणि ठाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मुलाला मी हेच सांगणार आणि त्याच्या जोडीला सुती_धागा यांचे सेठ-बसाक आणि निळी_शाई यांची ती बिननावाची बाई यांच्याबद्दलही सांगणार. वाढदिवस कुठला, असं त्याने विचारलं तर शहराला वाढदिवस नाही, असं उत्तर देईन.

बोरीबंदर

‘ठाणं त्याने आणलं’ इथपर्यंत मी तुमच्याबरोबर. वाढदिवस नाही, हे मात्र मान्य नाही. माणसांना वर्षातून एकदा आपल्या गावाबद्दल बोलायला दिवस हवा असतो, बघा ना या धाग्यावर किती बोललो.

शांता_दुर्गा

मी डिसेंबरात सुनेच्या माहेरी जाणार आहे, दोन दिवस कोलकात्यात असेन. यातलं काय काय बघता येईल? गुडघे दुखतात, फार चालवत नाही.

हुगळीकाठ

ताई, नक्की या. सेंट जॉन्स चर्च बिबादी बागेपासून (जुना डलहौसी स्क्वेअर) जवळ आहे, चार्नॉकची घुमटी आवारातच आहे, चालणं कमी. तिथून जुन्या किल्ल्याची जागा म्हणजे आजचं मोठं पोस्ट ऑफिस टॅक्सीतूनच बघा. बागबाजारला संध्याकाळी जाऊ, मराठा डिच लेनच्या पाटीजवळ तुमचा फोटो काढते आणि मग घाटावर बसू. दुसऱ्या दिवशी सावर्ण घराण्याचं बडिशा. तिथे त्यांचं संग्रहालय आहे आणि ज्या आटचाळ्यात, म्हणजे जुन्या मंडपात, १६९८ चा कागद झाला असं सांगतात ती जागाही आहे. जोका मेट्रोचं सखेरबाजार स्टेशन त्यातल्या त्यात जवळ, पण गुडघ्यांचा विचार करता मी गाडी सांगून ठेवते. तारखा व्यक्तिगत निरोपाने कळवा.